डॉ. रिबेका क्रंप्लर : एका पहिलेपणाचीं साधनें

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वैद्यकाची पदवी मिळविणारी पहिली आफ्रिकी-अमेरिकन स्त्री म्हणून ज्यांचें नांव आज आदरानें घेतलें जातें, त्या डॉ. रिबेका ली क्रंप्लर ता. ९ मार्च १८९५ रोजीं निवर्तल्या. बोस्टनजवळील हाइड पार्क येथें त्यांचें वास्तव्य होतें व तेथल्याच फेअरव्ह्यू दफनभूमींत त्यांस मूठमाती देण्यांत आली. त्यांच्या थडग्यावर नांवाचा दगड मात्र ता. १६ जुलै २०२० रोजीं बसला. मध्यें सव्वाशें वर्षें गेलीं. दफनाची नोंद दप्तरीं होती; परंतु गोष्ट दप्तरीं असणें आणि ती लोकांस ठाऊक असणें, ह्या दोहोंतील अंतर आमच्या वाचकांस नव्यानें समजावून सांगावयास नको.

परदेशांतील एका वैद्यबाईंचें चरित्र ह्या त्रैमासिकांत कशासाठीं, अशी शंका कोणी काढील. ती रास्त आहे. परंतु आम्ही येथें चरित्र लिहावयास बसलों नसून त्या चरित्राच्या साधनांचा विचार करावयास बसलों आहों. अमुक व्यक्ति अमुक गोष्टींत पहिली, असें विधान करणें सोपें. तें कोणत्या कागदावर उभें आहे हें दाखविणें कठीण. रिबेकाबाईंचें पहिलेपण पुष्कळ काळ दुसऱ्याच बाईंच्या नांवावर मोडत होतें. आणि तें ठिकाणावर आल्यावरही त्यांच्या नांवानें भलत्याच बाईंचें चित्र पूजिलें जात आहे. नांव एकाचें, कर्तृत्व दुसऱ्याचें व तसबीर तिसऱ्याची, असा प्रकार आपल्याकडील घराण्यांच्या इतिहासांतही ज्यांनीं पाहिला आहे त्यांस ही हकीकत परकी वाटणार नाहीं.

आमच्याच हातून घडलेली चूक प्रथम सांगून टाकतों. शाळेंतून निवृत्त होण्यापूर्वीं कांहीं वर्षें आम्हीं तेथील वाचनालयाच्या भिंतीवर वैद्यविद्येंत नांव मिळविलेल्या स्त्रियांच्या तसबिरींची एक ओळ लाविली होती. डॉ. आनंदीबाई जोशी होत्या, डॉ. रखमाबाई होत्या, एलिझाबेथ ब्लॅकवेल होत्या. आणि चौथी तसबीर रिबेका क्रंप्लर यांची म्हणून लाविली होती. चित्र कोठून घेतलें, मूळ कोणाच्या संग्रहीं आहे, खालचें नांव कोणी घातलें, ह्यांपैकीं एकही प्रश्न आम्हीं स्वतःस विचारिला नाहीं. विद्यार्थ्यांस मात्र 'आधार काय ?' म्हणून आम्ही जन्मभर हटकीत आलों ! पुढें एका जुन्या विद्यार्थिनीनें, जी स्वतः परिचारिका झाली आहे, आम्हांस पत्र लिहून विचारिलें कीं, 'गुरुजी, आमच्या अभ्यासाच्या पुस्तकांत हेंच चित्र मेरी महोनी ह्या नांवाखालीं छापिलें आहे, तें कसें ?' शोध करितां तिचें म्हणणें अक्षरशः खरें निघालें. ह्या लेखाचें निमित्त तें पत्र होय.

रिबेकाबाईंच्या चरित्राचीं अस्सल साधनें थोडकीं आहेत. त्यांत पहिला मान त्यांनीं स्वतः लिहून १८८३ सालीं बोस्टन येथें प्रसिद्ध केलेल्या 'ए बुक ऑफ मेडिकल डिस्कोर्सेस' ह्या ग्रंथास, व त्यांतही त्याच्या प्रस्तावनेस द्यावा लागतो. ज्या पाठशाळेंत त्या शिकल्या तिच्या अध्यापकमंडळाचें इतिवृत्त हें दुसरें. मृत्यूच्या आदल्या वर्षीं, म्हणजे १८९४ सालीं, बोस्टन ग्लोब ह्या वृत्तपत्रांत त्यांच्याविषयीं आलेला मजकूर हें तिसरें. विवाह, मृत्यु वगैरेंच्या सरकारी नोंदी आहेत त्या निराळ्या. बाकी जें कांहीं लिहिलें जातें तें ह्यांवरून काढलेलें, किंवा कोणी तरी केव्हां तरी सांगितलेलें.

प्रस्तावनेंत बाईंनीं स्वतःविषयीं फार थोडें लिहिलें आहे. आपण पहिल्या, असा डंका तींत कोठेंही नाहीं. पेन्सिल्व्हेनियांतील एका मावशीनें अथवा आत्यानें (मूळ शब्दावरून कोणती तें कळत नाहीं, इंग्रजी भाषा ह्या नात्यांत भेद करीत नाहीं) आपणांस वाढविलें, शेजारीपाजारीं कोणी आजारी पडलें कीं लोक तिलाच बोलावीत, तिच्या संगतींत राहून दुसऱ्यांचें दुःख हलकें करण्याची आवड आपणांस लहानपणींच लागली, पुढें चार्ल्सटाउन येथें आठ वर्षें निरनिराळ्या डॉक्टरांच्या हाताखालीं परिचारिकेचें काम केलें, त्याच डॉक्टरांनीं शिफारसपत्रें दिलीं, त्या पत्रांवर न्यू इंग्लंड फीमेल मेडिकल कॉलेजांत प्रवेश मिळाला व चार वर्षांनीं पदवी मिळाली, असा तो क्रम आहे. अन्य नोंदींवरून ह्यांत इतकी भर पडते कीं, जन्म ता. ८ फेब्रुवारी १८३१ चा, डेलावेअर संस्थानांतील ख्रिस्तियाना येथला. वडिलांचें नांव ॲब्सोलम डेव्हिस, आईचें मटिल्डा वेबर. १८५२ सालीं वायट ली नांवाच्या गृहस्थाशीं विवाह. हा गृहस्थ व्हर्जिनियांतील असून पूर्वीं गुलामगिरींत होता.

येथें त्या पाठशाळेविषयीं दोन शब्द अवश्य आहेत. सॅम्युएल ग्रेगरी नांवाच्या गृहस्थानें ती १८४८ सालीं काढिली. बाळंतपणें पुरुष डॉक्टरांनीं करावीं हें त्यास मर्यादेस सोडून वाटे. म्हणून सुइणीचें काम शास्त्रोक्त रीतीनें शिकलेल्या स्त्रिया तयार कराव्या हा त्याचा मूळ हेतु. पुढें तिला पूर्ण वैद्यकीय पदवी देण्याचा अधिकार मिळाला. १८७३ च्या सुमारास ती बोस्टन विद्यापीठांत विलीन झाली. तोंपर्यंतच्या तिच्या साऱ्या पदवीधरांत कृष्णवर्णीय अशी एकच : मिसेस रिबेका ली. १८६० च्या सुमारास संयुक्त संस्थानांत ५४,५४३ वैद्य होते व त्यांत स्त्रिया सुमारें ३०० होत्या, असा आंकडा दिला जातो. आफ्रिकी-अमेरिकन पुरुषांपैकीं जेम्स मॅक्यून स्मिथ यांस वैद्यकाची पदवी मिळाली ती १८३७ सालीं, परंतु ती घेण्यासाठीं त्यांस स्कॉटलंडांतील ग्लासगोस जावें लागलें. अमेरिकेंतीलच विद्यालयांतून पदवी घेतलेले पहिले डेव्हिड जोन्स पेक, त्यांचें साल १८४७. गोऱ्या स्त्रियांत ब्लॅकवेलबाईंचें साल १८४९. ह्या तिन्ही सालांच्या पुढें १८६४ ठेवून पाहिलें म्हणजे रिबेकाबाईंना किती दारें एकदम उघडावीं लागलीं तें दिसतें.

आतां इतिवृत्ताकडे वळूं. १८६४ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस अध्यापकांपुढें बाईंची तोंडी परीक्षा झाली. त्या वेळीं अध्यापकमंडळानें जी नोंद केली तिचा आशय असा कीं, मिसेस ली यांच्या अभ्यासांतील उणीवा व त्यांची मंद प्रगति ध्यानीं घेतां त्यांची शिफारस करण्यास आम्हांस संकोच वाटतो. तथापि विश्वस्तांची इच्छा व लोकमताची सध्यांची स्थिति यांस मान देऊन ती आम्ही करीत आहों. ह्या शिफारशीवरून १ मार्च १८६४ रोजीं विश्वस्तांनीं पदवी दिली. त्या वर्षीं त्यांच्याबरोबर आणखी दोघी पदवीधर झाल्या. त्या दोघी गोऱ्या होत्या.

ही नोंद वाचून पुष्कळ वाचक खिन्न होतात. आम्हांस मात्र ती मोठ्या मोलाची वाटते, आणि तिचा अर्थ लावतांना आपल्या नेहमींच्या कसोट्या सोडूं नयेत असें वाटतें. पहिली गोष्ट, स्तुतिपाठकाच्या साक्षीपेक्षां नाखूष माणसाची कबुली अधिक बळकट असते. पदवी दिली हें जर कोणी प्रेमळ चरित्रकारानें चाळीस वर्षांनीं लिहिलें असतें, तर त्यावर संशय घेतां आला असता. येथें ज्यांच्या मनांत द्यावयाची नव्हती तेच 'दिली' म्हणून लिहून ठेवीत आहेत. दुसरी गोष्ट, प्रगति मंद कां झाली हें ती नोंद सांगत नाहीं. तें दुसऱ्या नोंदीवरून कळतें. बाईंचे पति वायट ली हे क्षयानें ता. १८ एप्रिल १८६३ रोजीं वारले. अभ्यासक्रम अर्ध्यावर असतां घरांत क्षयाचा रोगी, शुश्रूषा करणारी एकटी बायको, बाहेर यादवी युद्ध चालू. परीक्षकांनीं मंदपणा मोजला, ओझें मोजलें नाहीं. हा संबंध आमचा तर्क आहे, आणि तर्क म्हणूनच तो येथें मांडीत आहों. तथापि दोन तारखा शेजारीं ठेविल्या म्हणजे तो टाळतां येत नाहीं. पतिनिधनानंतर वर्ष भरण्याच्या आंत बाई परीक्षेस बसल्या आहेत. त्यांच्या शुल्काची सोय वेड ह्या नांवाच्या निधींतून झाली होती, हेंही येथेंच नमूद करावें. तिसरी गोष्ट ती 'लोकमताची स्थिति'. गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. त्याच वर्षीं मॅसॅच्युसेट्समध्यें उभारलेली कृष्णवर्णीय शिपायांची ५४ वी पलटण लढाईंत उतरून पुष्कळ कापली गेली होती. अशा वेळीं बोस्टनमध्यें एका कृष्णवर्णीय विधवेस केवळ कुरकुर करून परत पाठविणें पाठशाळेस परवडणारें नव्हतें. पदवी काळाच्या दबावानें मिळाली असें कोणी म्हणेल. तर मग ती आजवर मिळाली नव्हती तीही काळाच्या दबावानेंच, हेंही त्यानें म्हणावें.

पदवीचें नांव होतें 'डॉक्टरेस ऑफ मेडिसिन'. ग्रेगरीला स्त्रीसाठीं स्त्रीलिंगी पद हवें होतें. आम्ही संस्कृताचे विद्यार्थी असल्यामुळें ह्या ठिकाणीं थोडें थांबल्यावांचून राहवत नाहीं. 'आचार्यानी' म्हणजे आचार्याची पत्नी आणि 'आचार्या' म्हणजे जी स्वतः शिकविते ती, असा भेद आपल्या वैयाकरणांनीं मोठ्या काळजीनें राखिला आहे. 'उपाध्यायानी' व 'उपाध्याया' यांतही तोच. मराठींत तो भेद बुडाला. 'डॉक्टरीणबाई' म्हटलें कीं डॉक्टरांच्या कुटुंब कीं स्वतः डॉक्टर, हें प्रसंगावरून ओळखावें लागतें. इंग्रजींतील त्या पदासही जाणत्या घरगुती औषधवालीचा वास येई. रिबेकाबाईंनीं काय केलें पाहा : प्रस्तावनेंत पदवीचें नांव जसेंच्या तसें 'डॉक्टरेस' असें दिलें, आणि मुखपृष्ठावर आपल्या नांवापुढें मात्र 'एम्. डी.' लिहिलें. साधन म्हणून प्रस्तावना खरी राहिली व हक्क म्हणून मुखपृष्ठ खरें राहिलें. तक्रारीचा एक शब्द न लिहितां एवढें साधणें हें आम्हांस फार सूचक वाटतें.

मग घोंटाळा झाला कोठें ? नांवांत. बाई जन्मल्या डेव्हिस म्हणून, पदवी घेतली ली म्हणून, आणि ग्रंथ लिहिला क्रंप्लर म्हणून. पाठशाळेचें दप्तर पाहणारास 'रिबेका ली' सांपडे, पण पुढें तिचें काय झालें तें कळेना; ग्रंथ पाहणारास 'रिबेका क्रंप्लर' सांपडे, पण पाठशाळेच्या यादींत ती मिळेना. ह्या फटींत दुसरें नांव शिरलें. फिलाडेल्फियाच्या रिबेका कोल ह्या विदुषीनें तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांतून १८६७ सालीं पदवी घेतली. त्याही आफ्रिकी-अमेरिकन, त्यांचेंही नांव रिबेका, त्यांचें कामही मोठें, व आयुष्य दीर्घ. १९२२ पर्यंत त्या हयात होत्या. साहजिकच पुष्कळ काळ त्यांसच पहिली समजण्यांत आलें. ह्यांत कोलबाईंचा काडीइतका दोष नाहीं, व दुसरेपणानें त्यांची योग्यताही कमी होत नाहीं.

दोन नांवें एकाच व्यक्तीचीं आहेत हें कसें ठरतें, तें पाहण्यासारखें आहे. क्रंप्लरबाई आपल्या प्रस्तावनेंत अमुक पाठशाळेची पदवी मिळाली असें म्हणतात. त्या पाठशाळेची कृष्णवर्णीय पदवीधर एकच, ती ली. एवढ्यावरही काम भागलें असतें. परंतु आणखी एक सांधा जुळतो. पदवीनंतर कांहीं काळ बोस्टनमध्यें काम करून अधिक व्यापक ज्ञान मिळविण्याच्या इच्छेनें आपण ब्रिटिश मुलुखाकडे प्रवास केला, असें बाई लिहितात. कशासाठीं, केव्हां, कोणाबरोबर, कांहीं नाहीं. इकडे विवाहाची नोंद पाहावी तर ता. २४ मे १८६५ रोजीं रिबेका ली यांचा आर्थर क्रंप्लर यांच्याशीं विवाह झाला तो न्यू ब्रन्सविकमधील सेंट जॉन येथें, म्हणजे ब्रिटिश मुलुखांतच. ग्रंथकर्त्रीनें लग्नाचा उल्लेख गाळला आणि नोंदणाऱ्या कारकुनानें वैद्यकाचा. दोघांचे कागद एकमेकांवर ठेविले कीं छाप बरोबर बसते. दोन स्वतंत्र कागद परस्परांस ठाऊक नसतां एकच गोष्ट सांगूं लागले म्हणजे संशोधकास जो आनंद होतो तो ह्या मंडळाच्या सभासदांस परिचित आहे.

आर्थर क्रंप्लर हेही व्हर्जिनियांत गुलामगिरींत वाढलेले. तेथून निसटून ते उत्तरेच्या सैन्याच्या आश्रयास गेले व मन्रो किल्ल्यांत लोहारकाम करूं लागले. त्यांस लिहितां वाचतां येत नव्हतें. म्हातारपणीं बोस्टनच्या रात्रशाळेंत जाऊन ते वाचावयास शिकले, व १८९८ सालीं वृत्तपत्रानें त्या वृद्ध विद्यार्थ्याची हकीकत छापिली. आम्ही मास्तर, आम्हांस हा विषय सोडवत नाहीं, पण सोडला पाहिजे.

युद्ध संपतांच बाईंनीं रिचमंडचा रस्ता धरिला. रिचमंड ही दक्षिणेकडील बंडखोर संस्थानांची राजधानी. १८६५ च्या एप्रिलमध्यें ती पडली. हजारों मुक्त झालेलीं माणसें तेथें गोळा झालीं होतीं. मालकाचें अन्न तुटलें, स्वतःचें मिळूं लागलें नव्हतें. रोगराई माजलेली, आणि गोरे डॉक्टर त्यांस हात लावावयास नाखूष. मुक्त झालेल्यांच्या व्यवस्थेसाठीं सरकारनें १८६५ सालीं जें खातें काढिलें, व ज्यास लोक फ्रीडमेन्स ब्यूरो म्हणत, त्याच्या आश्रयानें बाईंनीं तेथें काम केलें. त्या खात्याचे व्हर्जिनियांतील अधिकारी जनरल ब्राउन यांच्या द्वारें १८६६ च्या अखेरच्या तिमाहींत तीस हजारांहून अधिक कृष्णवर्णीयांच्या वस्तींतील गोरगरिबांपर्यंत रोज पोंचतां आलें, असें त्या लिहितात. स्त्रियांच्या व मुलांच्या रोगांचा परिचय व्हावा म्हणून हें क्षेत्र मुद्दाम निवडिलें, हेंही त्यांनीं सांगितलें आहे. दयाबुद्धि होतीच, पण तिच्याबरोबर अभ्यासकाची नजर होती, हें येथें दिसतें.

रिचमंडसंबंधीं एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. औषधें विकणारे बाईंच्या चिठ्ठीवर औषध देण्यास खळखळ करीत, आणि त्यांच्या नांवापुढील 'एम्. डी.' ह्या अक्षरांचा अर्थ 'खेंचरें हांकणारी' असा कोणी थट्टेनें लावीत. गोष्ट चटका लावणारी आहे, व त्या काळास शोभणारीही आहे. परंतु बाईंच्या स्वतःच्या प्रस्तावनेंत ती नाहीं. कै. राजवाड्यांच्या पठडींत वाढलेल्यांनीं तिला बखरीची जागा द्यावी. अस्सल पत्राची देऊं नये. अपमान झालेच नाहींत असा ह्याचा अर्थ नव्हे. ज्या शहरांत वर्षापूर्वीं माणसें विकलीं जात होतीं त्या शहरांत कृष्णवर्णीय स्त्रीनें नाडी पाहावी हें कोणास सहन होणार होतें ? पण बाईंनीं अपमान लिहून न ठेवितां कामाचा तपशील लिहून ठेविला, ही त्यांची निवड आहे. तिचा मान राखला पाहिजे.

१८६९ सालीं त्या बोस्टनला परत आल्या. बीकन हिलवरील जॉय स्ट्रीट ह्या भागांत, जेथें त्या वेळीं कृष्णवर्णीयांची वस्ती होती, त्यांचें बिऱ्हाड होतें. बाहेर रोगी पाहावयास जावें, मुलांस उपचारासाठीं घरींच ठेवून घ्यावें, आणि पैशाकडे फारसें पाहूं नये, असा क्रम होता. १८७० च्या डिसेंबरांत त्यांस कन्या झाली. १८८० सालीं बिऱ्हाड हाइड पार्कला गेलें, आणि तेथें वर्षानुवर्षांच्या टिपणांतून तो ग्रंथ तयार झाला.

ग्रंथाचे भाग दोन. पहिल्यांत जन्मापासून दांत येण्याचा काळ संपेपर्यंत, म्हणजे सुमारें पांच वर्षांपर्यंत, बालकांस होणाऱ्या आंतड्यांच्या विकारांचीं कारणें, ते टाळण्याचे उपाय व त्यांवरील उपचार. दुसऱ्यांत वयांत येणाऱ्या मुलींची प्रकृति, स्त्रियांचे रोग व तरुण मुलामुलींचे विकार. अर्पण केलें आहे तें माता, परिचारिका व मानवजातीचें दुःख हलकें करूं इच्छिणाऱ्या सर्वांस. रोग झाल्यावर धांवाधांव करण्यापेक्षां तो होऊं न देणें बरें, हें सूत्र साऱ्या पुस्तकांत आहे. वेळीं जपलें असतें तर वांचलीं असतीं अशीं हजारों मुलें दरवर्षीं आपल्या दाराशीं मरतात, हें त्या निक्षून सांगतात. त्यांतील कित्येक उपचार आज टाकाऊ झाले आहेत. जंतूंचा सिद्धांत तेव्हां नुकता कोठें रुजत होता. वैद्यांनीं ग्रंथ वाचतांना हें ध्यानीं ठेवावें. आम्हांस त्याचें मोल निराळें आहे. आफ्रिकी-अमेरिकन ग्रंथकारांनीं लिहिलेल्या अगदीं आरंभींच्या वैद्यकीय पुस्तकांत त्याची गणना होते. आणि पाठशाळा बुडाली, लोक विसरले, थडग्यावर दगड नव्हता, तरी ह्या एका प्रस्तावनेनें कर्त्रीचा हक्क जिवंत ठेविला.

येथें संग्राहक बंधूंस एक विनंति करावीशी वाटते. बाळगुटीचीं, बाळंतकाढ्यांचीं, मुलांच्या दुखण्यांचीं बाडें आपल्याकडे जुन्या वाड्यांतून निघतात, व तीं 'किरकोळ वैद्यक' म्हणून रुमालाच्या तळाशीं जातात. यादी करितांना अशा बाडाच्या आरंभीं अथवा शेवटीं कोणा स्त्रीचें नांव, सासरचें माहेरचें, आढळल्यास तें अवश्य टिपून ठेवावें. बोस्टनमध्यें जें घडलें तें असल्याच घरगुती वाटणाऱ्या पुस्तकामुळें घडलें.

१८८३ हें साल आमच्या वाचकांस दुसऱ्याही कारणानें आठवेल. त्याच वर्षीं कल्याणच्या आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेस पोंचल्या. फिलाडेल्फियाच्या ज्या विद्यालयांतून रिबेका कोल १८६७ सालीं बाहेर पडल्या, त्याच विद्यालयानें ता. ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंस पदवी दिली. योगायोगास योगायोगाहून अधिक मानूं नये. परंतु साधनांच्या दृष्टीनें ही तुलना टाळणें कठीण आहे. आनंदीबाई ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या, तेव्हां त्यांस एकविसावें संपून बाविसावेंही पुरें झालें नव्हतें. पण त्यांचीं पत्रें राहिलीं, छायाचित्रें राहिलीं. त्यांच्या दोन सहाध्यायिनींसह, एक जपानची व एक शामदेशाकडील दमास्कसची, काढलेलें १८८५ चें छायाचित्र तर आज जगभर फिरतें. मूळच्या बोस्टनच्या कॅरोलाइन डाल ह्या बाईंनीं १८८८ सालीं त्यांचें इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलें, व तें बोस्टन येथेंच छापिलें गेलें. काशीबाई कानिटकरांनीं मराठींत लिहिलें. त्यांच्या अस्थि कार्पेंटर कुटुंबानें न्यूयॉर्क संस्थानांतील पकीप्सी येथें आपल्या कुळाच्या दफनभूमींत ठेविल्या व त्यांवर नांवाचा दगड उभा केला. म्हणजे सातासमुद्रांपलीकडच्या एका महाराष्ट्रीय स्त्रीचें चरित्र ज्या शहरांत छापून विकलें जात होतें, त्याच शहराजवळ रिबेकाबाई नांदत होत्या. त्यांचें चरित्र कोणी लिहिलें नाहीं, व छायाचित्र म्हणून खात्रीनें सांगतां येईल असें एकही आज उपलब्ध नाहीं. आनंदीबाईंविषयींच्या त्या आस्थेचा आम्हांस अभिमान आहे. पण तिच्या शेजारीं ही रिकामी जागा ठेवून पाहिली म्हणजे तो अभिमान थोडा नमतो.

बाई दिसत कशा, हें सांगणारा एकच समकालीन लेख, तो १८९४ सालचा बोस्टन ग्लोबमधील. उंच, ताठ बांध्याच्या, फिकट तांबूस वर्णाच्या, केस पिकलेल्या, प्रसन्न व बुद्धिमान, असें वर्णन त्यांत येतें. वय एकोणसाठ किंवा साठ दिलें आहे; जन्मसालावरून तें त्रेसष्ट पाहिजे. बातमीदारानें अंदाज केला असेल, किंवा बाईंनीं सांगितलें असेल. कोठल्याही स्थितींत, वर्णन डोळ्यांचें आहे व वय ऐकीव आहे, हा भेद वाचतांना करावा.

पुढील गोष्टी लौकर सांगतां येतील. १९८९ सालीं कृष्णवर्णीय स्त्रीवैद्यांची एक संस्था रिबेका ली ह्या नांवानें निघाली. जॉय स्ट्रीटवरील घर बोस्टनच्या स्त्रियांच्या स्मृतिमार्गावर आलें. व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांनीं ३० मार्च २०१९ हा दिवस त्यांच्या नांवें जाहीर केला; ज्या रिचमंडांत त्यांनीं काम केलें त्याच राजधानींतून ही घोषणा निघाली. आणि हाइड पार्कच्या वाचनालयाच्या मित्रमंडळानें पुढाकार घेऊन वर्गणी जमविली, व २०२० च्या जुलैंत, साथीचे दिवस असतांही, थोड्या मंडळींच्या उपस्थितींत रिबेका व आर्थर ह्या दोघांच्याही थडग्यांवर दगड बसले. आर्थर १९१० सालीं वारले होते. त्यांनाही तोंपर्यंत दगड नव्हता. एका गांवच्या वाचनालयाभोंवतीं जमणाऱ्या मंडळींनीं हें केलें, हें आमच्यासारख्या वाचनालयांत आयुष्य घालविलेल्या माणसास विशेष गोड वाटलें.

राहतां राहिली तसबीर. मेरी महोनी ह्या बाई बोस्टनच्या स्त्रिया व मुलांच्या रुग्णालयांत शिकून १८७९ सालीं परिचारिका झाल्या. रीतसर शिक्षण घेऊन पदविका मिळविणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकन परिचारिका. तें रुग्णालय मारी झाक्शेव्स्का ह्या डॉक्टरीणबाईंनीं १८६२ सालीं काढिलें होतें, आणि त्याआधीं त्या रिबेकाबाईंच्याच पाठशाळेंत अध्यापिका होत्या. ग्रेगरीशीं न पटल्यामुळें सोडून गेल्या. तेव्हां भिंतीवरचें चित्र काढून टाकण्याचें कारण नव्हतें. आम्ही गेल्या दिवाळीनंतर शाळेंत जाऊन, मुख्याध्यापिकाबाईंच्या परवानगीनें, त्याखालची चिठ्ठी बदलून महोनीबाईंचें नांव व १८७९ हें साल घातलें. शेजारीं एक नवी चौकट लाविली आहे. तींत चित्र नाहीं. १८८३ च्या ग्रंथाच्या मुखपृष्ठाची प्रत आहे, आणि तिच्यावर रिबेका क्रंप्लर, एम्. डी., एवढीं अक्षरें दुरूनही वाचतां येतात.